गोळीची अर्धुकं

४ मार्च

चिरंजीव टिकोजीराव,

फोनवर आपण कसे बोलतो हे तुला ठाऊक आहे. मी 'हं' म्हणते, तू 'हं' म्हणतोस, आणि बरंच बोलणं झालं अशा समाधानात दोघेही फोन ठेवतो. म्हणून लिहिते आहे. तू तिकडे कुठल्यातरी उंच इमारतीच्या गच्चीखाली, लिफ्टच्या यंत्रांच्या खोलीत बसून हे मोबाइलवर वाचशील. तरी याला पत्रच समज. वर मायना आहे, खाली आशीर्वाद असेल, मधे जमेल तेवढं खरं.

आई दवाखान्यात आहे. घाबरू नकोस. हे वाक्य माणसं घाबरण्यासारखं काही असलं तरच लिहितात, तेव्हा थोडा घाबर आणि पुढे वाच.

परवा सकाळी तिला उलटी झाली, तीत रक्त. त्याआधी दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात असं तिचं धर्मशास्त्र. मी कॉलेजला निघाले होते, एक पाय चपलेत. तशीच तिला घेऊन गेले. दवाखान्यात पोचल्यावर पाहिलं तर दुसऱ्या पायात बाबांची चप्पल.

तोंडातून नळी घालून पाहिलं. जठरात व्रण होता, त्यातून रक्त वाहत होतं. आतल्या आतच चिमटा लावून ते थांबवलं आणि बाहेरून रक्त चढवलं. काल तिने नर्सला विचारलं, हे रक्त कुणाचं? नर्स म्हणाली, देणाऱ्याचं नाव कळत नाही. त्यावर आई म्हणाली, "मग आभार कुणाचे मानायचे?" तेव्हा मी ओळखलं, ही बरी होणार.

आता कारण. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, औषधं कोणती चालू आहेत? आई म्हणाली, गुडघ्यांसाठी एक दुखण्याची, कधीमधी. कधीमधी म्हणजे? म्हणाली, रोज. आणखी काही? "आणि यांची अर्धी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबांनी खिशातून एक चपटी डबी काढली. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा ते तिच्यात काटे ठेवायचे. आत कापसावर पांढऱ्या गोळ्यांची अर्धुकं मांडून ठेवली होती, इतकी सारखी की त्या बाई क्षणभर आजार विसरून बघत राहिल्या.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी देते. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून त्यांना रोज एक ॲस्पिरिन घ्यायची आहे, अगदी लहान मात्रेची. जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. आणि या घरात सगळ्याचे दोन भाग होतात हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. चहा एक, कप आणि बशी दोघांत. वर्तमानपत्र मधल्या घडीवर फाडलेलं. सफरचंद, बिस्किट, उशीसुद्धा. तेव्हा बाबांनी गोळी एकट्याने घ्यावी हे आईला अप्पलपोटेपणाचं वाटलं. "यांचं रक्त पातळ राहणार आणि माझं नाही, असं कसं?" हा तिचा युक्तिवाद. बाबा भिंग डोळ्याला लावून, घड्याळदुरुस्तीच्या बारीक पात्याने गोळ्या कापायचे. किती वर्षं, ते दोघेही सांगत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना आणि मला बाहेर नेऊन शांतपणे समजावलं. त्या गोळीवर एक लेप असतो, ती पोटात न विरघळता पुढे जावी म्हणून. कापली की लेप गेला. आईला ना हृदयाचा आजार ना मेंदूचा, तिला ॲस्पिरिनची गरजच नव्हती. या वयात उगाच घेतली तर फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा, आणि वर रोजची दुखण्याची गोळी, म्हणजे पोटावर दुहेरी मारा. अर्धांगिनी हा शब्द मी पंचवीस वर्षं वर्गात फोडून सांगते आहे. त्याचा असा प्रयोग घरी चालू असेल असं वाटलं नव्हतं.

बाबा ठीक आहेत.

तुझी,
ताई

९ मार्च

टिकोजीराव,

उत्तर पोचलं. "ठीक आहे. कळव." याला सूत्रशैली म्हणतात. सूत्रांवर पुढे कुणीतरी भाष्य लिहायचं असतं, ते काम तू माझ्यावर सोडलेलं दिसतंय.

आई उद्या-परवा घरी येईल. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तिने आपलं निम्मं पांघरूण दिलं, म्हणजे प्रकृती पूर्वपदावर.

मागच्या पत्रात 'बाबा ठीक आहेत' असं लिहिलं, ते अर्धं होतं. (घरातली सवय.) त्यांनी ॲस्पिरिन बंद केली आहे. आई आजारी पडली त्या दिवसापासून.

मी आधी समजावलं, मग रागावले, मग त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण आहेत, हसरे आहेत. म्हणाले, काका, आजींची गोष्ट वेगळी, तुमची वेगळी. त्यांना गोळी नकोच होती. तुम्हाला जाळी आहे, तुम्हाला ती हवीच. आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि कापायची तर मुळीच नाही. पोट सांभाळायला सोबत दुसरी गोळी देतो. रक्तातल्या बारीक कणिका एकमेकींना चिकटून गुठळी करतात. ॲस्पिरिनने त्यांचा चिकटपणा कमी होतो, एवढंच.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्राची गोष्ट त्यांना एकदा सांगितली की पुरते. मग म्हणाले, "समजलं. पण माझ्या हाताने तिला दिलेली वस्तू आहे ती. आता माझ्या घशाखाली उतरत नाही."

बाहेर आल्यावर जिन्यात थांबले. म्हणाले, "आणि शास्त्रीबुवा, ती जाळी माझी नाही. ज्याने सही केली त्याची आहे. त्याला विचारा तिचं काय करायचं." मी संस्कृत घेतलं तेव्हापासून ते मला शास्त्रीबुवा म्हणतात, पण गेल्या कितीतरी वर्षांत तुझा उल्लेख त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. नावाशिवाय का होईना.

तुमचं भांडण काय होतं ते मला तुम्हा दोघांनी सांगितलं तेवढंच माहीत. छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा तू त्यांच्याजवळ होतास, मी खाली पैसे भरायच्या काउंटरपाशी. जाळीच्या कागदावर तू सही केलीस. घरी आल्यावर ते म्हणाले, माझ्या शरीरावर तू सही केलीस. तू म्हणालास, नसती केली तर हे म्हणायला तुम्ही नसता. दोन्ही वाक्यं बिनचूक. त्यानंतर तू परदेशातली नोकरी धरलीस आणि मी तुमच्यामधली टपालपेटी झाले.

जाळी बसवायला त्यांचा विरोध होता, एवढंच मी समजत आले. आता गोळी न घेऊन ते तोच विरोध पुढे चालवताहेत की आईच्या बाबतीत घडलेलं पाप फेडताहेत, हे कळत नाही. दोन्ही असेल. तू दोन ओळी लिही. त्यांना नको तर मला लिही, मी वाचून दाखवेन.

ताई

१५ मार्च

टिकोजीराव,

दोन ओळी आल्या नाहीत. असो. तुझ्या लिफ्ट अडकल्या असतील.

आई घरी आली. अशक्त आहे, पण जीभ सशक्त आहे. दुखण्याची गोळी बंद, गुडघ्यांना शेक आणि व्यायाम, पोटासाठी औषध चालू. व्रण दुखण्याच्या गोळीने झाला असं बाबांनी तिला सांगितलंय. अर्धुकांचं त्यांनी गाळलं, आणि मीही गाळावं असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. ते आता स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसतात, ती भांडं उचलायला गेली की उठतात. ती म्हणाली, अहो, असे पहाऱ्यावर का बसलाय, मी पळून जाणार नाही. तेव्हा खुर्ची दारात नेली, एवढाच बदल.

पहिल्याच सकाळी तिने हात पुढे केला. "माझी अर्धी?" बाबा म्हणाले, तुझी डॉक्टरांनी बंद केली. "आणि तुमची?" "घेतली." आणि वर्तमानपत्र वर. फाडलेलं नव्हतं, त्यामुळे पूर्ण तोंड झाकलं.

काल धुण्यात त्यांच्या सदऱ्यांचे खिसे पालथे केले, तर प्रत्येकाच्या तळाशी पांढरा लगदा. रोज तिच्यासमोर गोळी पाकिटातून काढतात, तोंडापाशी नेतात आणि खिशात सोडतात. आयुष्यभर बारीक स्क्रू बोटांत लपवलेला माणूस, त्याला हे काय जड. मी लगदा दाखवला. म्हणाले, साबण नीट खळबळत नाहीस तू.

मी हात टेकले आहेत. सकाळी दोघांची औषधं, मग कॉलेज, तिथे तीन मुलं आणि एक कालिदासासाठी नव्हे तर पंख्यासाठी येणारा चौथा, परत येऊन दोघांची जेवणं, त्यात आईचं आळणी. काल विभक्ती शिकवता शिकवता डोळा लागला. मुलांनी उठवलं नाही. सुसंस्कृत आहेत.

बाबा हल्ली कमी बोलतात. परवा एका शब्दावर जरा अडखळले. वयाने होतं.

ताई

१८ मार्च

वयाने होत नव्हतं.

मागच्या पत्रात मी एका ओळीत गुंडाळलं ते सविस्तर लिहिते, कारण आता गुंडाळण्यात अर्थ नाही. त्या दिवशी सकाळी बाबा बेसिनपाशी होते. माझ्याकडे टॉवेल मागत होते आणि म्हणत होते, "किल्ली दे." मी म्हटलं, कसली किल्ली? त्यांनी चिडून पुन्हा किल्लीच मागितली. तोंडाची उजवी बाजू उतरलेली होती, आरशात ते त्यांनाही दिसत होतं. मी टॉवेल दिला तेव्हा त्यांच्या हातातून निसटला. मग थोड्याच वेळात सगळं जागेवर आलं. बोलले, हसले, मला म्हणाले कुणाला सांगू नकोस. आणि मी मूर्खासारखी तुला 'वयाने होतं' असं लिहून मोकळी झाले.

काल पुन्हा तसंच, या वेळी आईसमोर. तिने एक क्षण घालवला नाही. शेजाऱ्यांना हाक मारली, गाडी काढायला लावली, आणि मी वर्गातून पोचेपर्यंत ते दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर होते.

डोक्याचा फोटो काढला. आत रक्तस्राव नाही. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि सुटलं. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, ही सूचना आहे. असं पहिल्यांदा होतं त्याच तासाला इकडे यायला हवं होतं, बरं वाटलं म्हणून थांबायचं नसतं. पुढचा झटका असा परत जाईल याची खात्री नाही. गोळी आजपासून सुरू झालीच पाहिजे. नर्सने दिली, तिच्यासमोर त्यांनी तोंडात घातली. संध्याकाळी ती मला त्यांच्या रुमालात सापडली.

आईला सगळं सांगावं लागलं. अर्धुकांचंही. ती उठली. मग त्यांच्या खाटेपाशी जाऊन म्हणाली, "मी मागितली म्हणून तुम्ही दिलीत. मला मरायचं असतं तर मी एकटी मेले असते, तुम्हाला कशाला विचारलं असतं?" बाबांनी मान फिरवली. तिचं म्हणणं त्यांनी टाळलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मला आता युक्तिवाद सुचत नाही. इतकी वर्षं मी त्यांची औषधं, पथ्य, तपासण्या, आणि तुझी ख्यालीखुशाली, हे सगळं दोन्ही हातांनी धरून आहे. तुला बोलावत नाही. तू काहीतरी लिही, एवढंच. शब्द तुझे असूदेत, मी दुरुस्त करणार नाही.

ताई

२१ मार्च

टिकोजीराव,

तुझं पत्र, म्हणजे ओळ, काल आली. "सही करणं ही माझी चूक होती. त्यांना सांग."

बाबांना दवाखान्यातून घरी आणल्यावर मी ती जशीच्या तशी वाचून दाखवली. वाटलं होतं, डोळे पुसतील. ते भडकले. काठी आपटून म्हणाले, चूक कशी? काय चूक? नऊ वर्षं तुझ्या आईबरोबर चहा प्यायलो तो कुणामुळे? मी म्हटलं, मग आजवर तुम्ही त्याच्याशी बोलत नाही ते कशासाठी? जाळी नको होती ना तुम्हाला?

तेव्हा जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं तुलाही नाही.

ते म्हणाले, "मला नको होती असं मी कधी म्हटलं? मी शुद्धीत होतो. स्ट्रेचरवर पडलो होतो, सगळं ऐकत होतो. डॉक्टर एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. कागद माझ्या पोटावरून इकडून तिकडे गेला. पेन माझ्या छातीवर टेकवलं होतं. कुणी खाली बघितलं नाही. घड्याळ दुरुस्तीला येतं तेव्हा घड्याळाला कुणी विचारत नाही, पण मी माणूस होतो की नाही?"

 गेले तीन आठवडे मीही तेच करते आहे. 'घ्या' म्हणते, 'उघडा तोंड' म्हणते, डॉक्टरांशी त्यांच्या डोक्यावरून बोलते. आईसुद्धा. आम्ही सगळे त्यांच्या पोटावरून कागद देतो आहोत.

तेव्हा ऐक. माफी मागू नकोस, ती त्यांना अपमान वाटते. माझ्या नंबरावर फोन करू नकोस. त्यांच्याकडे कर, घरच्या फोनवर, सकाळी. आणि काय करायचं ते तुला कळलं असेलच. नसेल तर हे पत्र पुन्हा वाच, मी परीक्षेला यातलंच विचारणार आहे.

उशीर करू नकोस. हे मी गमतीने लिहिलेलं नाही.

ताई

२६ मार्च

प्रिय टिकोजीराव,

तुझ्या बाजूचं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं लिहिते, म्हणजे फोन दोन्हीकडून पूर्ण होईल.

फोन वाजला तेव्हा आई त्यांच्या शेजारी होती आणि मी दारात उभी. त्यांनी उचलला, "कोण?" म्हणाले. मग खूप वेळ काहीच नाही. तूही काही बोलत नव्हतास की काय कोण जाणे. दोघे एकमेकांचा श्वास ऐकत असाल. आईने मला फोन तू घे अशी खूण केली, ती मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग ते म्हणाले, "सही बरोबर होती. पण विचारायला हवं होतंस."

 तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "आता विचार."

गोळीचं तू विचारलंस, इतकं नक्की, कारण त्यांचा चेहरा परीक्षेत नेमका प्रश्न आलेल्या मुलासारखा झाला.  त्यांनी आईकडे पाहिलं, ती खिडकीकडे पाहत होती. मग त्यांनी तुला दोन-तीन गोष्टी विचारल्या: जाळी किती लांबीची होती, ती कशाची असते, काढता येते का. तुला काहीच माहीत नसणार. तसं तू सांगितलं असशील, कारण ते म्हणाले, "मग सही कशी केलीस?" आणि हसले. तू घाबरला होतास असं म्हणालास का? कारण त्यावर ते म्हणाले, "मीसुद्धा."

शेवटी "घेतो" म्हणाले आणि फोन ठेवला. गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे तोंड उघडून दाखवलं, नर्सला दाखवतात तसं. मी म्हटलं, बाबा, गरज नाही. म्हणाले, आहे, तुमचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही, आणि त्यात तुमची चूक नाही.

तेव्हापासून रोज घेतात. तोंड दाखवणं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. पण तुला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते: तुझा सकाळचा फोन ही आता औषधाचाच भाग झाला आहे. आज तुझा फोन आला नाही. गोळी टेबलावर, पाण्याचा पेला शेजारी, बाबा खुर्चीत. मी म्हटलं, घेऊन टाका, तो कामात असेल. म्हणाले, विचारणारा अजून आलेला नाही. आई म्हणाली, अहो, मी विचारते ना. त्यावर ते म्हणाले, तू विचारलंस तर मी नाही म्हणूच शकत नाही, ते विचारणं नव्हे.

मी कॉलेजला कळवलं, आज येत नाही. खुर्ची ओढून बसले. पाऊण तास आम्ही तिघं त्या टेबलाभोवती, जणू एखादी पाहुणी यायची आहे. मग फोन वाजला. बाबांनी उचलला आणि तुला खडसावलं ते तू ऐकलंस. तू विचारलंस. त्यांनी घेतली.

मी काय केलं ते सांगते. अंथरूण घातलं, दिवसाढवळ्या, आणि झोपले. आईने सांगितलं की मी घोरत होते. हा आरोप मी अमान्य करते. उठले तेव्हा दोघांनी जेवून भांडीसुद्धा विसळून ठेवली होती, आणि माझं ताट झाकलेलं होतं.

तेव्हा टिकोजीराव, यापुढे तुला पत्रं कमी येतील. कळवायचं असेल ते त्यांना विचार, ते सांगतील. नाही सांगणार तर का सांगत नाहीत ते विचार. उद्याचा फोन वेळेवर कर. मी घरी नसेन, पहिल्या तासाला वर्ग आहे, आणि मी तिकडून कुणाला फोन करून गोळी झाली का असं विचारणार नाही.

अनेक आशीर्वाद,
ताई